बंद नावाचा आवाज

“चौकशीला कुणाच्या दारात गेलीस, तर आधी त्याच्याकडचं काहीतरी खा गं बाई. मग विचार काय विचारायचं ते. उपाशी तोंडाने विचारलेलं भांडणासारखं ऐकू येतं.”

नदीवरच्या आजीने, सगळी वस्ती जिला आजीच म्हणायची तिने, हे सांगितलं तेव्हा अर्डिस मोझेस नुकती पोलिसात लागली होती. आता अर्डिसचेही केस पिकले होते, तामाल्ट नेशनच्या, म्हणजे तामाल्ट या आदिवासी जमातीच्या स्वतःच्या सरकारच्या, पोलिसांत तपासाचं काम बघणारी ती एकटीच उरली होती, आणि आजीला जाऊन वर्ष होत आलं होतं. सकाळी ओंजळीतलं पहिलं पाणी नदीला परत द्यायचं आणि मगच तोंडातून पहिला शब्द काढायचा, हा अर्डिसचा रोजचा नेम. त्या दिवशी पाणी देता देता तिला आजीचा आवाज असा लख्ख आठवला. आवाज आठवलेला चालतो. नाव मात्र मनातसुद्धा घ्यायचं नसतं.

नेम पुरा होतो न होतो तोच फोन वाजला.

“मावशी, लवकर ये. भाषाघरात ये.” टेरेल पीटचा आवाज होता. टेरेल हा आजीच्या बहिणीचा नातू. नेशनच्या मुलांना भाषा शिकवायचा.

“काय झालं?”

“आजी गेली.”

“टेरेल, आजीला जाऊन—”

“माहीत आहे गं मला. पण मावशी, या वेळी खरंच गेली.”

भाषाघर म्हणजे शाळेमागची एक खोली. भिंतीवर आजीचा फोटो होता, तो रिवाजाप्रमाणे उलटा टांगलेला. टेबलावर संगणक. टेरेल खुर्चीत नव्हता, जमिनीवर बसला होता. अर्डिसला पाहून तो उठला, खारवलेल्या माशाची एक पट्टी तिच्या हातात दिली, एक स्वतः चावू लागला. रडताना खाणारा माणूस बघवत नाही. अर्डिसने आपली पट्टी संपवली आणि मग विचारलं, “सांग.”

“सर्व्हरवरचा तिच्या आवाजाचा फोल्डर रिकामा आहे. गोष्टी, झाडांची नावं, नदीची वळणं, सगळं गेलं. आणि हाकेचे शब्दही.”

 अर्डिस मटकन खुर्चीवर बसली.

माणूस गेलं की तामाल्टांमध्ये त्याचं नाव बंद होतं. वर्षभर ते कुणी उच्चारत नाही, लिहीत नाही. त्याचा आवाज वाजवत नाहीत. वर्ष सरलं की नदीवर जाऊन, ठरलेल्या शब्दांत हाक मारून, ते नाव उघडायचं. मग ते एखाद्या लहान पोराला मिळतं आणि गेलेलं माणूस मोकळं होतं. हाक मारली गेली नाही, तर नाव कायमचं बंद. माणूस नुसतं काठावर बसून राहतं, ना अलीकडे ना पलीकडे. ते शब्द पुरते ठाऊक असलेली आजी शेवटची होती. म्हणून तर तिने म्हातारपणात यंत्रासमोर बसून स्वतःलाच परत बोलावण्याचे शब्द सांगून ठेवले होते.

“तू आज का उघडलास फोल्डर?”

“शेवटचा महिना लागला. शिकणाऱ्याला आता ऐकायची मोकळीक असते. काल रविवारी प्रार्थना केली, आज सकाळी बसलो.”

“दुसरीकडे कुठे? तुझ्या फोनमध्ये? कुणाच्या घरी टेप?”

“तिच्या वस्तू जाळल्या तेव्हा सगळ्यांनी आपापल्या टेपा आगीत दिल्या ना मावशी. तूही दिलीस. एकच प्रत ठेवायची, नेशनची, असं ठरलं. रेकॉर्ड करायला आलेल्या विद्यापीठवाल्यांना तर तिने जिवंतपणीच अंगणातून परत पाठवलं होतं.”

“फोल्डरवर नाव काय होतं?”

“तिचंच. तिनेच टाइप केलेलं. मी स्क्रीनवर कागदाची पट्टी चिकटवून ठेवलीय, चुकून वाचलं जाऊ नये म्हणून.” टेरेल केविलवाणं हसला. “आमच्या धाकटीने मागे शाळेत बोलता बोलता ते नाव घेतलं. अमावस्येपर्यंत अळणी खावं लागलं बिचारीला. उशीच्या अभ्र्यात खारे दाणे सापडले.”

अर्डिस पुढे वाकून टेबल न्याहाळत होती. नेशनचा खास कीबोर्ड होता तो. इंग्रजी अक्षरांशिवाय वरच्या ओळीत लाल रंगाच्या चार कळा, तामाल्टच्या स्वतःच्या अक्षरांच्या. त्यातल्या एका कळीच्या जागी नुसतं भोक होतं.

“हे काय?”

“गळ्यात अडवायचं अक्षर. पोरांनी सरबत सांडलं, कळ उखडली. हिवाळ्यात तक्रार दिलीय. संगणकांचं सगळं काम नेशनच्या कॅसिनोतून चालतं ना, त्यांच्या रांगेत पडलीय अजून. तोवर पोरं तो आवाज नुसता तोंडाने काढतात.”

“पासवर्ड कुणाकुणाकडे?”

“मी. रॉडरिक, कॅसिनोतला. आणि विनिफ्रेडबाई. भाषाघर अध्यक्षांच्या हाताखाली येतं ना.”

विनिफ्रेड जॉर्ज नेशनच्या निवडून आलेल्या अध्यक्ष होत्या. बाकीच्यांना अध्यक्षबाई, अर्डिसला विनी. दोघी एका पाळण्यात वाढल्या म्हणायला हरकत नाही.

विनीने कचेरीतच सूप मागवलं होतं. एक वाडगा अर्डिसपुढे सरकवला.

“कळलं मला. टेरेलने फोन केला होता,” ती म्हणाली. “बस. आधी खा.”

अर्डिसने चमचा तोंडात घातला. सूप मिळमिळीत होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं तशी विनीने खणातून मिठाची डबी काढून दिली. स्वतः मात्र तसंच पीत राहिली.

“तुला नको?”

“रक्तदाब. डॉक्टर ओरडतो.” विनीने चमचा खाली ठेवला. “अर्डी, तीन वर्षं मी घसा फोडून सांगतेय की नाही? आयटी विभाग कॅसिनोच्या तळघरात ठेवू नका. तो नेशनचा आहे, कौन्सिलच्या हाताखाली आणा. जत्रेच्या दिवसांत कॅसिनोवर गर्दी झाली, तर दवाखान्याच्या तारा तोडून तिकडे दिल्या. दोन दिवस नर्स हाताने केसपेपर लिहीत होत्या. न्यायालयातली पोरांच्या ताब्याची प्रकरणं कोण उघडून बघू शकतो? कॅसिनोचा मॅनेजर. परका माणूस! आणि सभेत उठून काय म्हणतो? आजवर काय बिघडलंय? आता दाखव म्हणावं, काय बिघडलंय ते.”

“ठराव परवाच आहे ना?”

“परवा. आता कोण हात वर करणार नाही ते बघू.”

“विनी, हाकेचे शब्द गेलेत.”

“अगं, येतील परत.” विनीने तिचा हात थोपटला. “कॅसिनोत सगळ्याचं बॅकअप असतं. रॉडरिकच म्हणायचा ना, इथे काही मरत नाही म्हणून? चल, मीही येते. त्याच्याकडून परत घेऊ.”

उठताना अर्डिसची नजर विनीच्या टेबलावर गेली. तोच कीबोर्ड. नेशनमध्ये असे दोनच होते. चार लाल कळा, चारही शाबूत.

कॅसिनोचं तळघर थंडगार असतं. वर यंत्रांचा खणखणाट, खाली पंख्यांची घरघर. रॉडरिक सॅम, आयटी विभागाचा प्रमुख, अंगाने चांगला आडवा, तोंडात सदानकदा सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया. एरवी चेष्टेखोर माणूस. आज त्याने नुसती बियांची पिशवी पुढे केली. अर्डिसने मूठभर घेतल्या. विनीने मान हलवून नको म्हटलं आणि यंत्रातून कागदी पेल्यात कॉफी भरून घेतली.

“फोल्डर पुसायला काय लागतं रॉडरिक?” अर्डिसने विचारलं.

“पासवर्ड. आणि आणखी एक कुलूप मी घातलं होतं, ताई. पुसायला गेलं की यंत्र म्हणतं, या फोल्डरचं नाव लिहा. आहे तसंच, एकेक अक्षर हाताने. उचलून चिकटवता येत नाही.”

“कधी घातलंस हे?”

“ती गेली त्या दिवशी.” त्याने बी थुंकलं. “म्हटलं, याहून मोठं कुलूप कुठलं? वर्षभर आपल्यातलं कोण ते नाव लिहील?”

“कुणीतरी लिहिलं.”

“लिहिलं. कुलूप मोडलेलं नाही, उघडलंय. काल दुपारी.”

“तुला उघडावं लागलं असतं?”

“मला कशाला? घातलं मीच. काढून ठेवलं असतं, मग पुसलं असतं.”

“कुठल्या संगणकावरून झालं, ते दिसतं?”

रॉडरिक हसला, पण हसण्यात जीव नव्हता. “कॅसिनोतला असता तर टेबलासकट सांगितलं असतं. पण दवाखाना, न्यायालय, शाळा, भाषाघर, कौन्सिल सगळे एकाच दाराने आत येतात, आणि आमच्या पडद्यावर त्या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे. ‘इतर’. आपलं अख्खं सरकार इथे ‘इतर’ आहे, ताई.”

“ऐकलंस?” विनी म्हणाली. “हेच मी सांगते. बरं, रॉडरिक, झालं ते झालं. बॅकअपमधून काढून दे बाबा. पोराचा जीव टांगणीला लागलाय.”

रॉडरिकने खुर्ची फिरवून पडद्याकडे तोंड केलं. 

“रॉडरिक?”

“नाहीये, अध्यक्षबाई.”

“नाहीये म्हणजे?”

“बॅकअपला आपल्या भाषेत शब्द हवा होता तेव्हा मी तिच्याकडेच गेलो होतो. यंत्र काय करतं ते तिने विचारून घेतलं, मग म्हणाली, ‘पुन्हा-बोलवणं’ म्हणा. तोच शब्द आहे आपला.” त्याने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. “ती गेली. संध्याकाळी यंत्र सुरू झालं आणि पडद्यावर आलं: पुन्हा बोलवतोय, आणि पुढे तिचं नाव. अंगावर सर्रकन काटा आला. वर्षभर जिला कुणी बोलवायचं नाही, तिला हे यंत्र रोज संध्याकाळी बोलवणार? मी तो फोल्डर त्यातून काढला. वर्ष झालं की परत घालणार होतो.”

“आणि जुन्या प्रती?” अर्डिसने विचारलं.

“एकीवर दुसरी लिहिली जाते. केव्हाच गेल्या.”

“पुसलेलं खणून काढता येतं म्हणतात.”

“जागा रिकामी राहिली असती तर. इथे जागा रिकामी झाली की कॅमेरे येऊन बसतात. वरच्या हॉलचं चित्रण. ते कायद्यानेच ठेवावं लागतं. सकाळपासून खणतोय, ताई. आजी होती तिथे आता यंत्रांसमोर बसलेली माणसं आहेत.”

कसलातरी आवाज झाला. विनीच्या हातातला पेला खाली पडला होता. कॉफी तिच्या बुटांवरून ओघळत होती आणि ती तिकडे बघतही नव्हती. भिंतीला धरून ती खाली बसली.  मग एकदम हुंदका आला, पोटातून, लहान मुलीसारखा.

अर्डिसने तिला उठवलं नाही. तिने एवढंच विचारलं, “हे तू कुणाला विचारलं का नाहीस रॉडरिक?”

“कुणाला विचारू? माझा साहेब हॅलोरन. त्याला बंद नाव म्हणजे काय, तिथपासून सुरुवात. भाषाघराला कळवायचं तर अर्ज त्याच्याच सहीने जातो आणि अर्जात फोल्डरचं नाव लिहावं लागतं. मी कसं लिहिणार?”

मॅनेजर हॅलोरनने अर्डिसला खारवलेले बदाम दिले आणि घड्याळ पाहिलं.

“माझ्यावर संशय आहे ना, मॅडम? असायचाच. मी बाहेरचा. तुमच्यातलं कुणी ते नाव लिहिणार नाही, म्हणजे मीच लिहिलं असणार.”

“लिहिलंत का?”

“मला ते वाचताही येत नाही. मधेच कसलं तरी चिन्ह आहे ना? रॉडरिक तुमचे ते लाल कळांचे कीबोर्ड इथे लावायचे म्हणत होता. मी म्हटलं, जुगाराला कशाला भाषा? कॅसिनोच्या संगणकांवर ते अक्षर येऊच नये अशी व्यवस्थाच करून ठेवली. कारकुनांचा गोंधळ व्हायचा.” त्याने बदामांची वाटी तिच्याकडे सरकवली. “वाईट झालं. पण खरं सांगू? हे परवाच्या ठरावाआधी व्हावं, हे माझ्या फायद्याचं आहे का?”

नव्हतं. अर्डिसलाही ते पटलं, आणि म्हणूनच हातातला बदाम तिने वाटीत परत ठेवला.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. मंगळवारी ती विनीला सोबत करायला गेली, तिच्याबरोबरच जेवली, आणि ती रात्रही तशीच गेली. सभेच्या दिवशी सकाळी नदीवर गेली, ओंजळ भरली, पण नदीला काय सांगावं ते सुचेना. तिने पाणी सोडलं आणि तशीच उभी राहिली. पाण्यात अजून बर्फाचे पातळ तुकडे वाहत होते. जे कळलं होतं ते कुणालाच न सांगता हा दिवस जावा, असं तिला फार वाटलं. पण ठरावाच्या सभेत हॅलोरनवर आळ यायचा, रॉडरिकची नोकरी जायची, आणि टेरेल जन्मभर प्रत्येकाच्या तोंडाकडे संशयाने बघत राहायचा. असं होऊ देऊन चालणार नव्हतं.

कौन्सिलची सभा जेवणाने सुरू होते. लांब टेबलावर मासा, कंदांची भाजी, तळलेल्या भाकरी. सगळे जेवले. विनी अध्यक्षांच्या खुर्चीत होती, डोळे सुजलेले. समोर एझ्रा काका, कौन्सिलमधले सगळ्यांत वयस्क. कडेला टेरेल, रॉडरिक, हॅलोरन.

“अर्डिस,” काका म्हणाले, “ठरावाआधी तुझं ऐकू. कुणी केलं?”

अर्डिस उभी राहिली. तिचा आवाज मुळातच हळू. खोलीतल्या सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

“आपण सगळे परक्याकडे बघत होतो, काका. पुसायला ते नाव लिहावं लागतं आणि आपल्यातलं कुणी ते लिहिणार नाही, म्हणून. रॉडरिकने तर त्याच भरवशावर कुलूप घातलं. पण परक्याला ते लिहिताच येत नाही. नावाच्या मधे गळ्यात अडवायचं अक्षर आहे. ती कळ कॅसिनोत नाही. हॅलोरननेच ती येऊ दिली नाही. त्याच्याच हट्टाने तो सुटला.”

हॅलोरनने मान खाली घातली.

“मग रॉडरिक?” कुणीतरी विचारलं.

“त्याने स्वतःचं कुलूप काढून ठेवलं असतं, नाव लिहायच्या पापात कशाला पडला असता? कुलूप किल्लीने उघडलंय. टेरेलकडे पासवर्ड आहे, कीबोर्डही आहे. पण त्याची नेमकी तीच कळ हिवाळ्यापासून उखडलेली आहे. दुरुस्तीचा अर्ज कॅसिनोच्या रांगेत आहे.” तिने विनीकडे पाहिलं. “असे कीबोर्ड नेशनमध्ये दोनच आहेत. दुसऱ्याची ती कळ चालते, आणि तो ज्या टेबलावर आहे तिथे पासवर्डही आहे.”

 विनीने समोरच्या ताटाकडे पाहिलं. ताटातल्या खारवलेल्या माशाला तिने हात लावला नव्हता. उकडलेले कंद तेवढे घेतले होते, तेही कोरडे.

“अर्डी,” ती म्हणाली.

“मला दोन गोष्टी छळत होत्या, विनी. हाकेचे शब्द गेले म्हटल्यावर टेरेल जमिनीवर बसला, मी खुर्चीत कोसळले. तू मात्र ठरावाचं बोललीस. मला वाटलं, अध्यक्षबाई आहे, खंबीर आहे. पण बॅकअप नाही म्हटल्यावर तू कोसळलीस. म्हणजे पहिली बातमी तुला बातमीच नव्हती. दुसरी होती.”

“आणि दुसरी गोष्ट?” एझ्रा काकांनी विचारलं, पण त्यांचेही डोळे विनीच्या ताटावरच होते.

“गेल्या आठवड्यात माझ्या घरी खारवलेला मासा तिने मागून मागून घेतला. सोमवारी अळणी सूप. कालही, आजही. रक्तदाब म्हणते. वाईट हेतूने कुणी केलं असतं, तर त्याने आधी नाव लिहिलं असतं आणि मग पोटभर मीठ खाल्लं असतं. जो नाव लिहितो आणि लगेच प्रायश्चित्तही घेतो, तो आपलाच असतो. आणि त्याची खात्री असते की लिहिलेलं परत मिटवता येईल.”

विनी उठली. टेबलाला धरून उभी राहिली.

“चार दिवस,” ती म्हणाली. “फक्त चार दिवस नाहीसं करायचं होतं. तीन वर्षं सांगतेय, कुणी ऐकलं? दवाखाना बंद पडला, तुम्ही म्हणालात, चालायचंच. पोरांच्या फायली परक्याच्या हाताखाली, तुम्ही म्हणालात, भला माणूस आहे. तुमच्या काळजाला लागेल असं एकच उरलं होतं. म्हटलं, ते गेलंसं वाटू दे. ठराव होऊ दे. मग बॅकअपमधून परत येईल आणि मी अमावस्येपर्यंत अळणी खाऊन नदीची माफी मागेन.” तिने रॉडरिककडे पाहिलं. “तू म्हणाला होतास ना रे, इथे काही मरत नाही?”

“कॅसिनोचं म्हणत होतो, अध्यक्षबाई,” रॉडरिक म्हणाला. “कॅसिनोचं मरत नाही.”

“मला एका शब्दाने विचारायचं होतंस.”

“तुम्ही मला एका शब्दाने सांगायचं होतंत.”

“कसं सांगणार होते? तू त्याचा नोकर!” विनीचा हात हॅलोरनकडे गेला आणि अर्ध्यावरच खाली पडला.

टेरेल उठला आणि भिंतीवर कपाळ टेकून उभा राहिला.

“हाकेतलं तुला काही थोडंतरी तोंडपाठ?” एझ्रा काकांनी त्याला विचारलं. “तू तिच्या मांडीवर वाढलास.”

“पहिली ओळ, काका. तीही अर्धी. पुढे ती म्हणायची, यंत्रात आहे, सवडीने शीक. तुम्हाला?”

“आम्हाला शाळेत ही भाषा बोललो की साबण खायला घालायचे, बाळ. मला चाल येते. शब्द नाहीत.”

ते गुणगुणले नाहीत. नुसत्या चालीचा काही उपयोग नव्हता.

ठराव मात्र झाला. झालाच. विनीने राजीनामा लिहून दिला आणि काकांनी तिच्या जागी बसून हात मोजले. आयटी विभाग कॅसिनोतून काढून कौन्सिलच्या हाताखाली आणायचा, त्याला स्वतःचा प्रमुख, स्वतःची यंत्रं, आणि भाषाघराचा अर्ज कुणा परक्याच्या सहीशिवाय थेट यायचा. एकही हात खाली राहिला नाही. हॅलोरननेही हरकत घेतली नाही. विनीने तीन वर्षं मागितलेलं सगळं, शब्दाला शब्द, मंजूर झालं आणि ती दारापाशी पाहुण्यासारखी उभी होती.

“रॉडरिक, प्रमुख तूच हो,” काका म्हणाले.

“काय सांभाळू, काका?” रॉडरिक म्हणाला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही.

विनीवर खटला चालेल, नेशनचं न्यायालय काहीतरी शिक्षा सुनावेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने कुणाला बरं वाटलं नाही. ताटं उचलायला कुणी उठलं नाही. आपलं ताट बाजूला सारून एझ्रा काका म्हणाले,

“तिचं वर्ष भरेल. ती नदीवर येऊन बसेल. कान देऊन बसेल. कुणीतरी आधी दफनभूमीत जाऊन तिला सांगायला हवं की हाक येणार नाही. ताटकळत ठेवू नये.”

 टेरेलने भिंतीवरून कपाळ काढलं नाही. विनीचे ओठ हलले आणि थांबले. बंद नाव लिहिलेल्या माणसाला तिकडे जायची मुभा नसते, हे तिला सांगावं लागलं नाही.

“मी सांगेन,” अर्डिस म्हणाली. “वचन देते.”

“आजच?”

“आजच जाते.”

तिने खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला. विनीजवळून जाताना ती थांबली, तिच्या कोटाचं निसटलेलं बटण लावून दिलं, जसं लहानपणी लावायची, आणि काही न बोलता बाहेर पडली.

दफनभूमीचा रस्ता टेकडीवर जातो. बर्फ वितळून चिखल झाला होता. खाली कॅसिनोच्या मोटारतळावर बसगाड्या लागत होत्या, लोक हसत उतरत होते. अर्डिस कडेकडेने, सावकाश चढू लागली. वर पोचल्यावर आजीला काय म्हणून हाक मारायची आणि मग तिला हे कसं सांगायचं, तिला ठाऊक नव्हतं. ती चालत राहिली.